मॉरव्हेल घराण्याचा धाकटा सरदार

डेन्झिल डाबरेला राग आला की तो आवाज चढवत नसे. तो घर आवरायला घ्यायचा. चपला जोडीजोडीने भिंतीला लावायचा, खणातले चमचे एका दिशेला तोंड करून ठेवायचा, पडद्याच्या चुण्या सारख्या करायचा. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर पामेलाला वाटत होतं की आपल्याला फार टापटिपीचा नवरा मिळालाय. मग तिच्या लक्षात आलं. २०११च्या उन्हाळ्यात दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर इतकं लख्ख दिसायला लागलं की शेजारच्या सुचित्राने विचारलं, "बाई लावलीस की काय गं?" पामेला म्हणाली, "नाही. नवरा चिडलाय."

हा राग समजायचा तर आधी सर कॅल्डनची ओळख करून घ्यावी लागेल.

सर कॅल्डन हा आल्वेराच्या राज्यातला सरदार. हे राज्य दुबईतल्या एका मॉलच्या तळमजल्यावर होतं. दगडासारखे रंगवलेले फायबरचे बुरूज, नाकातून धूर सोडणारा ड्रॅगन, राजा, राजकन्या आणि चिलखतं घातलेले सरदार. मुलं तिकीट काढून आत यायची, खेळ बघायची, सरदारांबरोबर फोटो काढायची. या राज्याचा खरा नायक सर आल्डस. त्याला भाषणं होती, पांढरा झगा होता, शेवटी राजकन्येचा हात होता. बाकीच्या सरदारांना नुसती नावं होती. डेन्झिलला २००७ साली काम मिळालं तेव्हा त्याच्या भूमिकेबद्दल कागदावर एवढंच लिहिलेलं होतं: मॉरव्हेल या थोर घराण्यातला दुय्यम सरदार, संवाद नाहीत.

काम मिळालं ते पडता येतं म्हणून. खेळात ड्रॅगनच्या फटक्याने कॅल्डन सज्जावरून खाली कोसळायचा. अंगावर एवढं लोखंड घेऊन पडायचं आणि हाडं शाबूत ठेवायची, ही सोपी गोष्ट नाही. डेन्झिल ती लहानपणीच शिकला होता. वसईतल्या त्यांच्या आळीत उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं, आणि कबर उघडताच दचकून कोसळणारा शिपाई म्हणजे डेन्झिल. त्याच्यासारखं पडणारा अख्ख्या पंचक्रोशीत कुणी नव्हता.

आता त्या टोपाबद्दल सांगायला हवं. आल्वेराचा राजा, राजकन्या आणि सर आल्डस यांची कामं करणारे इंग्लंड-युक्रेनकडून आलेले. त्यांचे चेहरे उघडे. कॅल्डन आणि इतर किरकोळ सरदार भारतीय नाहीतर फिलिपिनो, आणि त्यांच्या टोपाची तोंडावरची झडप रिबिटं ठोकून कायमची बंद केलेली. आल्वेरा उत्तरेकडचा देश आहे, पाहुण्यांना तसंच वाटलं पाहिजे, असं दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी गोड शब्दांत समजावलं होतं. आत कोण आहे ते बाहेर सांगायचं नाही, असाही नियम होता. डेन्झिलने मान हलवली. तेव्हा त्याला राग आला नव्हता. नोकरी म्हणजे नोकरी.

पण माणूस रोज एका टोपात डोकं घालतो, तेव्हा त्या टोपाला हळूहळू घरदार फुटतं. डेन्झिलने मनातल्या मनात कॅल्डनची सगळी कुळकथा रचून टाकली. मॉरव्हेल घराण्यातला हा तिसरा मुलगा. थोरल्याला किल्ला मिळाला, मधल्याला घोडे मिळाले, धाकट्याच्या वाट्याला फक्त आडनाव आलं. डाबऱ्यांकडेही तसंच झालं होतं. त्यांच्या घराण्याकडे नाटकातल्या शताधिपतीचं, म्हणजे शंभर रोमन शिपायांच्या म्होरक्याचं, काम पिढ्यानपिढ्या होतं. आळीत प्रत्येक भूमिका एकेका घराण्याची असे. रोमन सुभेदार पिलात लोपिसांचा, शताधिपती डाबऱ्यांचा. भूमिका मागायची नाही आणि वाटायचीही नाही. करणाऱ्याचं अंग थकलं की त्याने चर्चच्या अंगणात चारचौघांसमोर बोडक्या डोक्याने उभं राहायचं, डोक्यावरून उतरवलेला टोप पुढच्याच्या हातात द्यायचा, आणि मग ती भूमिका मरेपर्यंत त्याची. वडिलांनी, बाप्टिस्ट डाबऱ्यांनी, गुडघे गेल्यावर तो थोरल्याच्या हातात दिला. ते रीतीप्रमाणेच झालं. डेन्झिल शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

२००८च्या शेवटाला मंदी आली तेव्हा दुबईचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्रेन उभ्या होत्या तशाच थांबल्या. डेन्झिल-पामेलाच्या मुलीच्या, मेलिसाच्या, बालवर्गातली मुलं अधूनमधून गायब व्हायला लागली. गुरुवारी बाकावर आहे, रविवारी नवा आठवडा सुरू झाला की नाही. आल्वेराच्या राज्यातून आधी राजकन्या गेली, मग राजा. एका शुक्रवारी खेळ संपल्यावर स्टीव्ह, म्हणजे सर आल्डस, कपडे बदलायच्या खोलीत घाईघाईने बॅग भरत होता. गाडीचे हप्ते थकले होते, दुबईत त्याला तुरुंग होता, आणि त्याला त्याच संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. जाताजाता त्याने आपली लांब तलवार डेन्झिलच्या हातात कोंबली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आता हे तूच सांभाळ, मित्रा."

स्टीव्हच्या दृष्टीने ती एक अडगळ होती. डेन्झिलच्या दृष्टीने त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भूमिका हाती दिली होती, चारचौघांसमोर, उघड्या डोक्याने. या एका समजुतीवर त्याने पुढची सगळी वर्षं उभारली. दुसरा कुणी असता तर त्याने करार बदलून मागितला असता. डेन्झिलला ते सुचलंसुद्धा नाही. जे आपलं झालंच आहे ते कागदावर कशाला मागायचं?

ऑपरेशन्स मॅनेजर होता चारुदत्त निमकर, पुण्याचा. हुशार, मिठ्ठास बोलणारा, आणि त्या दिवसांत पार हबकलेला. पुढच्या शुक्रवारचा खेळ रद्द करायचा की नाही, हेच त्याला ठरवता येईना. डेन्झिल म्हणाला, "सर, मी करतो." त्याने आल्डसचा पांढरा झगा घातला नाही. तो कॅल्डन म्हणूनच पुढे आला. राजा गेला, राजकन्या गेली, थोर नायक युद्धावर निघून गेला, आणि ज्याला कधी संवादच नव्हते तो धाकटा सरदार आता एकटा फाटकावर उभा आहे, अशी गोष्ट त्याने जागच्या जागी रचली. ध्वनिमुद्रणात आल्डसची भाषणं होती, ती त्याला उपयोगाची नव्हती. म्हणून टोपाच्या आतून तो स्वतःच्या आवाजात, वसईच्या हेल काढणाऱ्या इंग्रजीत बोलला. शेवटी त्याने तलवार जमिनीला टेकवली आणि विचारलं, सगळे गेले, आता इथं कोण आहे? आणि स्वतःच उत्तर दिलं, "आय ॲम स्टिल हिअर."

समोर बसलेल्या मुलांचे कुणा ना कुणाचे दोस्त त्या महिन्यात निघून गेलेले होते. पुढच्या आठवड्यापासून ते वाक्य मुलंच म्हणायला लागली. पुढची दोन-अडीच वर्षं त्या वाक्यावर आल्वेराचं राज्य चाललं. तिकीट स्वस्त झालं, वाढदिवसाच्या पार्ट्या यायला लागल्या, मॉलच्या दारावर कॅल्डनच्या टोपाचं चित्र लागलं. पगार मात्र निम्म्यावर आला. पामेला डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. ती दिरहॅमचे रुपये मोठ्याने करून दाखवायची आणि म्हणायची, "मॉरव्हेल घराण्यात भाजी काय भावाने मिळते?" डेन्झिल हसायचा. घरी आल्यावर टोपामुळे त्याच्या कपाळावर लाल वळ उठलेला असायचा. ती पुटपुटत त्यावर खोबरेल चोळायची.

चारुदत्त दर वेळी एकच सांगत असे. मार्केट जरा वर येऊ दे, मग झडप उघडू. तुझा चेहरा पोस्टरवर लावू. तुझंच आहे ना सगळं.

पोस्टरची डेन्झिलला एवढी हाव नव्हती, पण मेलिसाचं एक प्रकरण झालं. ती पहिलीत गेली होती. वर्गात आईवडिलांच्या कामाबद्दल विचारलं तेव्हा ती उठून म्हणाली, माझे डॅडी सर कॅल्डन आहेत. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी वाढदिवसाला सर कॅल्डनशी हात मिळवलेला होता. ती मुलं हसली. सर कॅल्डनचे डोळे निळे आहेत, असं एका मुलाने ठामपणे सांगितलं. अपर्णा मिसने पामेलाला बोलावून घेतलं आणि सौम्यपणे बजावलं, कल्पनाशक्ती चांगलीच आहे, पण कल्पना कुठे संपते आणि खोटं कुठे सुरू होतं, हे मुलीला घरी शिकवा. पामेलाला नियम माहीत होता. तिने ओठ मिटून घेतले. मेलिसाने बापाला विचारलं, "डॅडी, ॲम आय लाइंग?"

त्या संध्याकाळी डेन्झिलने स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून पुसले. मग मुलीला समोर बसवून त्याने शब्द दिला. आल्वेरा पार्कच्या वर्धापनदिनाला सर कॅल्डन झडप उघडणार, आणि त्या दिवशी तुझा सगळा वर्ग समोर बसलेला असेल. आपण फुकट पास आणू.

शब्द हवेतून दिलेला नव्हता. चारुदत्तनेच सांगितलं होतं. नवे भागीदार आले आहेत, पैसा आलाय, वर्धापनदिनाला नवं चिलखत आणि उघडणाऱ्या झडपेचा नवा टोप. शारजाला युसुफकडे बनतोय, जाऊन घालून बघ.

शारजाच्या औद्योगिक भागात युसुफचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मूळचं काम एसीच्या डक्टांचं. मंदीत डक्ट कुणाला नको झाले तेव्हा कॅल्डनच्या चिलखताचं ठिगळकाम युसुफ करायचा, डक्टाच्याच पत्र्याने. डेन्झिल आणि तो जुने दोस्त. युसुफने नवा टोप फडक्याने पुसून पुढे केला. देखणा टोप, कपाळावर मॉरव्हेल घराण्याचा ससाणा, आणि झडप बोटाने ढकलली की वर जायची. डेन्झिलने तो डोक्यात घातला. टोप नाकापर्यंत खाली आला.

"युसुफभाई, ये टोप है या देगची?"

युसुफ हसला नाही. तो म्हणाला, "भाईजान, नाप ऑफिस से आया था. मैंने दो बार फोन करके पूछा, इतना बड़ा सर? बोले, यही है."

डेन्झिल टोप हातात घेऊन उभा राहिला. वर्कशॉपमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं. चूक युसुफची नव्हती. टोप अगदी बरोबर बनला होता. तो दुसऱ्या कुणासाठी बनला होता.

चारुदत्तच्या केबिनमध्ये तो न विचारता गेला.

"ये ये डेन्झिल. चहा मागवू?"

"टोप माझ्या डोक्याचा नाही, सर."

चारुदत्तने लॅपटॉप मिटला. मग त्याने सगळं भरभर सांगून टाकलं. नव्या भागीदारांना ब्रँडिंग हवंय, चेहरा हवाय. लूकास नावाचा मुलगा प्रागहून आलाय, ट्रेन्ड ॲक्टर आहे. इथून पुढे कॅल्डन तो. डेन्झिलने त्याला बोलणं-चालणं शिकवायचं आणि पडण्याचे प्रसंग करायचे, कारण लूकासला पडता येत नाही. पगार पहिल्यासारखा होईल, तेही बघ ना.

"तुम्ही म्हणाला होतात, झडप उघडेल."

"उघडतेय ना."

हे तो चेष्टेने म्हणाला नव्हता. त्याला ते खरंच पुरेसं वाटत होतं, आणि डेन्झिलच्या कानशिलांत रक्त चढलं ते त्यामुळेच. त्याने विचारलं, कॅल्डन कोण आहे, सर? चारुदत्त म्हणाला, कॅरेक्टर आहे. कंपनीचं कॅरेक्टर.

"आणि सगळे विमानतळाकडे पळत होते तेव्हा? तेव्हा कुणाचं होतं?"

"हे बघ, इमोशनल होऊ नकोस. आपला मराठी माणूस म्हणून मी तुला सांभाळलं. किती जण घरी गेले, तुला माहितीये. माझ्या हातात असतं तर..."

"आपला माणूस असतो तर मला शारजाला पाठवलं नसतं. इथेच सांगितलं असतं, दार लावून." डेन्झिलचा आवाज खालीच होता. "दुसऱ्याचा टोप घालून बघायला पाठवलंत मला."

चारुदत्तने टेबलावरची पेनं चाळवली. त्याला वाईट वाटत होतं, यात शंका नाही. पण वाईट वाटणं आणि काही करणं यांच्यामध्ये त्याने आयुष्यभर एक टेबल ठेवलेलं होतं. तो म्हणाला, जुनं चिलखत आता लागणार नाही, रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये टाकून ये, आणि रविवारपासून लूकासला शिकवायला घे.

घरी पामेला आधी नवऱ्यावरच उखडली. कागदावर काही नाही, बोलण्याला साक्षीदार नाही, कुणी गोऱ्याने पळताना हातात तलवार दिली म्हणून तू मालक झालास? ही काय तुमची आळी आहे? "अरे, त्याला बॅगेत जागा नव्हती, म्हणून दिली ती!" हे तिला इतकी वर्षं कळत होतं आणि ती बोलली नव्हती. आता बोलली. डेन्झिलला ते खरं आहे हे लगेच कळलं. राग त्याने कमी झाला नाही. उलट त्याला आता धरायला जागा उरली नाही, आणि तो सगळीकडे पसरला: स्टीव्हवर, चारुदत्तवर, त्या गोड बोलणाऱ्या दिग्दर्शकावर, स्वतःच्या भाबडेपणावर.

वसईला आईला फोन केला. कॉन्सेप्टाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बाबांकडून टोप थोरल्याने घेतला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास ना, तशाच वाजव आणि घरी ये. डेन्झिल म्हणाला, "आई, दादाच्या हातात बाबांनी दिला होता. माझ्याकडून हे काढून घेतायत. आणि वर मलाच शिकवायला सांगतायत." मग त्या म्हणाल्या, "मग देऊ नको."

देऊ नको म्हणजे काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते डेन्झिलने ठरवलं.

जुनं चिलखत त्याने रास अल खोरला नेलं नाही. तो ते घेऊन पुन्हा शारजाला गेला आणि युसुफसमोर जुना टोप ठेवला. रिवेट निकाल दो, म्हणाला. युसुफ म्हणाला, कंपनी का माल है, भाईजान. डेन्झिल म्हणाला, "माल कंपनी का है. अंदर सर मेरा था." युसुफने जास्त विचारलं नाही. ड्रिलने एकेक रिबीट उडवलं, झडपेला दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवले, तेलाचा थेंब सोडला.

शनिवारी मेलिसाच्या शाळेत पालकभेट होती. शेजारच्या सुचित्राचा नवरा सुजीत नेहमी आपल्या गाडीतून सोडायचा, पण छातीचा पत्रा सीटच्या पट्ट्यात मावेना, म्हणून तिघं बसनेच निघाली. ड्रॅगन मार्टच्या, म्हणजे चिनी मालाच्या बाजाराच्या, थांब्यावर खोकी घेऊन उभी असलेली माणसं बघतच राहिली. उन्हात पत्रा तापत होता. टोप डेन्झिलने काखेत धरला होता, चेहरा उघडा, कपाळावर घाम. बसमध्ये एकाने विचारलं, शूटिंग है क्या? पामेला म्हणाली, "नहीं. पेरेंट्स मीटिंग है." मेलिसा खिडकीला चिकटून बसली होती. "डॅडी, एव्हरीबडी इज लुकिंग." डेन्झिल म्हणाला, "बघू दे."

शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. डेन्झिलने त्याला पालकाचं ओळखपत्र दाखवलं. पालकाने काय घालून यायचं नाही याबद्दल वॉचमनला काही सूचना नव्हती. वर्गाबाहेर आईबाप आणि मुलांची रांग होती. रांग दुभंगली. अपर्णा मिस पेन हातात घेऊन दारात आल्या.

"मी मेलिसाचा बाप," डेन्झिल म्हणाला. "डेन्झिल डाबरे. तुम्ही वर्गात कामाबद्दल विचारलं होतं. तिने खरं सांगितलं होतं."

एवढं बोलून त्याने टोप डोक्यावर चढवला. झडप खाली पडली. चेहरा गेला आणि त्या व्हरांड्यात सर कॅल्डन उभा राहिला. रांगेतली मुलं एकदम पुढे सरकली. त्याने हातातली छत्री जमिनीला टेकवली, कारण तलवार घेऊन शाळेत जायचं नाही एवढं भान त्याला होतं, आणि आतून विचारलं, सगळे गेले, आता इथं कोण आहे?

"आय ॲम स्टिल हिअर!" मुलांनी सवयीने उत्तर दिलं. निळे डोळे ठामपणे सांगणारा मुलगा सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

मग डेन्झिलने झडप वर केली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं नुसती बघत राहिली, बारकाईने, मुलं बघतात तशी. तो मुलगा डेन्झिलच्या डोळ्यांत बघून आला आणि आईला म्हणाला, "ब्राउन." त्याला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. दोन-तीन पालकांनी फोन काढून फोटो घेतले.

अपर्णा मिसचा चेहरा मात्र उतरला होता. त्या वाईट बाई नव्हत्या. रोज चाळीस मुलांच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या की माणूस खरं-खोटं घाईने निवडायला लागतो. त्या मेलिसासमोर उकिडव्या बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आय वॉज राँग, मेलिसा. आय ॲम सॉरी." मेलिसाने मान डोलावली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

काम झालं होतं. मुलीला दिलेला शब्द पुरा झाला होता. परतीच्या बसमध्ये पामेलाने नवऱ्याकडे बघितलं तर त्याचा जबडा तसाच आवळलेला. ती म्हणाली, आता कशाला? बाईंनी माफी मागितली ना? डेन्झिल म्हणाला, "तिनेच मागितली. मागायला हवी होती ती दुसऱ्यांनी."

फोटो दुपारपर्यंत फेसबुकवर फिरून चारुदत्तपर्यंत पोचले. त्याचा फोन आला. डेन्झिल चिलखत न उतरवताच टॅक्सीने ऑफिसला गेला. चारुदत्त उभाच होता. खिडकीजवळ एक उंच, सोनेरी केसांचा पोरगा बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, दुसऱ्यांच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखा. तो लूकास.

चारुदत्त इंग्रजीत बोलला. करारभंग, कंपनीच्या मालाचा गैरवापर, आजपासून काम बंद, व्हिसा रद्द. मग मराठीत म्हणाला, "का केलंस असं? पूर्ण पगार मिळणार होता तुला. मी तुझ्यासाठी भांडलो होतो."

"ते सांगायला हवं होतंत. तेवढ्यापुरता तरी मी चिडलो नसतो," डेन्झिल म्हणाला आणि पट्टे सोडायला लागला. बाहूंचे पत्रे, छातीचा पत्रा, मांड्यांचे पत्रे. प्रत्येक तुकडा तो चारुदत्तच्या टेबलावर ठेवत गेला. लॅपटॉप, पेनं, कुटुंबाचा फोटो, सगळं पत्र्याखाली गेलं. शेवटी तो घामाने चिकटलेल्या बनियनवर उभा राहिला.

लूकास उठला. खिडकीतून खाली दिसणाऱ्या आल्वेराच्या सज्जाकडे बोट दाखवत त्याने चाचरत विचारलं, आता ती उडी मलाच मारावी लागेल. कसं पडतात?

डेन्झिलला त्या पोराचा राग करायचा होता. नाव कळल्यापासून त्याने त्यासाठी तयारी केली होती. पण पोरगा घाबरला होता, आणि न शिकता पडला तर खांदा निखळणार, हे डेन्झिलला दिसत होतं. तो त्याला बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला. हनुवटी छातीला लाव. श्वास सोड. हात टेकू नकोस, खांद्याने जमिनीला भेट आणि लोळून जा. बनियनवर तो स्वतः तीनदा पडला, चिडून, दातओठ खात, आणि पोराला तोपर्यंत पाडत राहिला जोवर आवाज बरोबर येत नाही. केबिनच्या दारातून चारुदत्त बघत होता. त्याला हायसं वाटलं असावं. तो आत गेला, टोप उचलून आणला आणि म्हणाला, "हे पण दाखव ना त्याला. बोलायचं कसं ते."

डेन्झिलने हात मागे घेतले.

"पडायला मी कुणालाही शिकवीन," तो म्हणाला. "ते मी नाही देणार."

चारुदत्तला काही कळलं नाही. त्याने खांदे उडवले आणि टोप स्वतःच लूकासच्या हातात दिला. लूकास तो धरून उभा राहिला. डेन्झिलने त्याच्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं, हा तुला यांनी दिलाय, मी नाही. वाईट मानू नकोस. मग तो खाली आला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. त्याने पामेलाला फोन लावला आणि सांगितलं की आता वसईला परतायच्या तिकिटांचं बघायला हवं. मग तिने विचारलं, "अंगावर काय आहे तुझ्या?"

"बनियन."

"तिथेच थांब," पामेला म्हणाली. "शर्ट घेऊन येते. आणि त्या माणसाचा नंबर दे मला. मला दोन शब्द बोलायचेत त्याच्याशी, मराठीत."

डेन्झिलने नंबर दिला.